पाचपाखाडीतला फोनिक्सचा वर्ग: वाचन पक्कं, लिखाण घाईत

ठाण्यात पाचपाखाडीला पाच ते सात वर्षांच्या मुलांसाठी चालणारा हा फोनिक्सचा (अक्षरांच्या ध्वनींवरून इंग्रजी वाचायला शिकवण्याचा) वर्ग एबीसीडीच्या क्रमाने जात नाही, हे फार बरं. सुरुवात एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांनी होते. तेवढ्यावर सॅट, पिन, टॅप, नॅप असे बरेच शब्द लगेच वाचता येतात.

उच्चारांबाबत बाई काटेकोर आहेत. 'टी'चा ध्वनी पाय मोडलेला 'ट्', पूर्ण 'ट' नव्हे. मूल 'स-ॲ-ट' म्हणत राहिलं की जोडून 'सॅट' होतच नाही; घरी शिकवताना नेमकं इथेच बिनसतं. जोडणीही आधी स्, म्, न् ने सुरू होणाऱ्या शब्दांची घेतात, कारण 'स्स्स' लांबवता येतं, 'ट्' येत नाही. 'सेड', 'वॉज' असे नियमात न बसणारे शब्द वेगळ्या कार्डांवर, हळूहळू.

लिखाणात मात्र घाई दिसते. चार रेघी वहीत स्मॉल बी आणि डी एकाच आठवड्यात येतात, मग मुलं उलटसुलट काढणारच. बी पक्का झाल्यावर (आधी दांडी, मग पोट) डी घ्यावा, आणि तोही आधी गोल काढून.

व्याकरणाचं म्हणाल तर रिकाम्या जागांच्या वर्कशीटवर भिस्त जास्त. मराठीत ए-ॲन नसल्याने मुलं 'धिस इज पेन' म्हणतात. वस्तू हातात देऊन 'अ पेन', 'ॲन एग' बोलून घेतलं तरच ते जिभेवर बसतं. प्रवेश घेताना वाचनाच्या छोट्या पुस्तिका घरी देतात का, तेवढं विचारा.