घरी थ्री फेज घेतलं, त्याला आठ महिने झाले

मार्चमध्ये आम्ही घरचं सिंगल फेज कनेक्शन थ्री फेज करून घेतलं, म्हणजे करंटची तार एकाऐवजी तीन. तेव्हापासून गल्लीतले निम्मे लोक विचारून गेलेत, "मॅडम, घ्यावं का?" दर वेळी तेच सांगून तोंड दुखलं, म्हणून एकदाच लिहून टाकते.

घर लातूरला. खाली आम्ही नि सासूबाई, वर धाकटे दीर, जाऊबाई नि त्यांची लेकरं. दोन एसी, दोन गिझर, आणि अंगणात साडेसहाशे फुटांचा बोअर. खरी भानगड त्या बोअरचीच. 2 एचपीची सिंगल फेज मोटार चालू केली की घरभर दिवे मिटमिटायचे. चालू होताना मोटार नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते ना. संध्याकाळी व्होल्टेज 170 वर आलं की ती नुसतीच हुं हुं करायची. पॅनेलमधला, सिंगल फेज मोटारीला लागणारा कपॅसिटर वर्षात दोनदा फुगला.

थ्री फेज घेतलं की व्होल्टेज फुल्ल येतं, असं मीही धरून चालले होते. येत नाही. डीपी, म्हणजे गल्लीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर, तीच, तारा त्याच. डीपीवरच लोड जास्त असेल तर तिन्ही फेजचं व्होल्टेज पडेल. दोन फेजमध्ये मोजलं तर 400 च्या वर दिसतं खरं, पण पंख्याला नि टीव्हीला मिळतो तो शेवटी एकच फेज, 230 चा. फरक एवढाच की अख्खं घर एका तारेवर लोंबकळत नाही. आता डीपीवरचा एक फ्यूज उडाला तर वरचा मजला अंधारात नि खालचं स्वयंपाकघर चालू. जाऊबाई कणकेची परात घेऊन खाली येतात.

अर्ज, लायसनवाल्या ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट, कोटेशन भरणं, मीटर बदलणं, हे सगळं सरळ झालं. घोळ घातला तो घरातल्या वायरिंगवाल्यानं. पठ्ठ्यानं दोन्ही एसी, फ्रिज नि इस्त्रीचा प्लग एकाच फेजवर, 20 अँपिअरच्या एका एमसीबीवर (लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच) टाकले. बाकी दोन फेजवर नुसते दिवे-पंखे. मे महिन्यात दोन्ही एसी लावून इस्त्री घेतली की खटकन एमसीबी खाली. पैसे आधीच दिलेले, त्यामुळं फोन उचलेना.

मग दिरांच्या ओळखीतले एक वयस्कर वायरमन मामा आले. स्टुलावर बसून त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर लाल, पिवळा, निळा असे तीन रकाने पाडले आणि घरातली एकेक वस्तू वॅटसकट त्यात बसवली. एक एसी लालवर, दुसरा पिवळ्यावर, फ्रिज नि इस्त्री निळ्यावर. गिझरही असेच वेगवेगळे. उठायच्या आधी मेन बंद करून न्यूट्रलचे, म्हणजे करंटच्या परतीच्या तारेचे, सगळे स्क्रू स्वतः आवळले. म्हणाले, "ताई, फेज सुटला तर लाईट जाती. न्यूट्रल सुटला तर टीव्ही जातो." मेनचा न्यूट्रल ढिला झाला की दोन फेजमधले ते 400 घरातल्या वस्तूंत वेडेवाकडे वाटले जातात, आणि ज्या फेजवर लोड कमी त्यावर व्होल्टेज चढतं. थ्री फेज घेणाऱ्यानं एवढं तरी जरूर बघून घ्यावं.

मोटार आता 3 एचपी, थ्री फेज. कपॅसिटरची कटकट नाही. जुनी बारा-तेरा अँपिअर ओढायची, ही त्याच्या निम्म्यात चालते. बोअरमधली केबल तीच राहिली, कारण दोन्ही मोटारींना तीनच तारा लागतात. स्टार्टरला प्रिव्हेंटर, म्हणजे फेज गेला की मोटार बंद करणारा, मात्र हवाच. एक फेज नसताना मोटार ओढत राहिली तर वाइंडिंग जळतं. शेती असलेल्यांना हे सांगायला नको.

बिलाचं म्हणाल तर युनिटचा दर तोच, स्लॅबप्रमाणे. स्थिर आकार जास्त, आणि घराला कुलूप लावून गावी गेलात तरी तो येणारच. परभणीच्या माझ्या बहिणीकडं एक एसी, एक गिझर, पाणी नळाचं. तिला मी स्पष्ट नको म्हटलं. त्या पैशात जुनी वायरिंग नि अर्थिंग नीट करून घे म्हटलं.

जूनमधला किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. वादळ झालं, डीपीवर काम झालं, लाईट आली. मोटार लावली तर आवाज ठीक, प्रिव्हेंटर गप्प, आणि पाणी करंगळीएवढं. सासूबाई पायरीवर बसल्या. "आटला गं बाई बोअर." 2016 च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलेल्या गावचे आम्ही, आमच्या मनात दुसरं काही येतच नाही. मी टँकरवाल्याला फोन लावला. संध्याकाळी मामा आले, मेन पाडून स्टार्टरमधल्या तीन तारांपैकी दोन इकडच्या तिकडं केल्या नि बटण दाबलं. टाकीत धडाधड पाणी. फेज उलटे लागले होते, मोटार उलटी फिरत होती, आणि आमच्या साध्या प्रिव्हेंटरला त्याचा पत्ता नव्हता. आता उलटा फेज ओळखणारा बसवलाय.

टँकर तोवर गल्लीच्या तोंडाशी आला होता. त्याला परत पाठवायला सासूबाईंनी मलाच पुढं केलं.