यूएसबी साऊंड कार्ड, पावसाळ्यापासूनचा अनुभव (पीसीचा आवाज गेला असेल तर मदरबोर्ड बदलायच्या आधी वाचा)

वस्तू तुम्हाला माहितीच आहे, अंगठ्याएवढं यूएसबीत खोचायचं साऊंड कार्ड, हिरवं भोक स्पीकरचं आणि गुलाबी माईकचं. दोनशेपासून हजारापर्यंत मिळतात, मी सव्वातीनशेचं घेतलं. स्पेसिफिकेशन लिहीत बसत नाही, ते सगळं विकणाऱ्याच्या पानावर असतं. पण एक गोष्ट मला घेण्याआधी कुणीच सांगितली नव्हती आणि ती मी घसा फोडून सांगणार आहे, हे कार्ड प्ले दाबल्यावर पहिलं अक्षर गिळतं. त्यावर येतेच, आधी घ्यावं का लागलं ते.

घरचा पीसी जुना असेंबल केलेला, वॉरंटी कधीच संपलेली. मी घरून ट्रान्सक्रिप्शन करते, गावोगावच्या मुलाखतींचं रेकॉर्डिंग ऐकून टाईप करायचं काम, म्हणजे आवाज गेला की माझा धंदाच बंद. आणि एक दिवस गेलाच. खाली कोपऱ्यात स्पीकरच्या चिन्हावर फुली नाही, व्हॉल्यूम फुल, साऊंडच्या खिडकीत ती हिरवी पट्टी मस्त वरखाली नाचतेय आणि स्पीकर मात्र ढिम्म.

ही हिरवी पट्टी नीट बघा, अर्धं निदान तिथंच होतं. ती नाचत असेल तर गाणं विंडोजपर्यंत व्यवस्थित पोचतंय, भानगड त्याच्या पुढे आहे. स्पीकर मोबाईलला लावून बघितले, खणखणीत वाजले. मग विंडोजमध्ये आऊटपुट कुठलं निवडलंय ते बघितलं, तर मॉनिटर! माझ्या मॉनिटरला स्पीकरच नाहीत, पण एचडीएमआय केबलमधून आवाजही जातो त्यामुळे विंडोज त्यालाही आवाजाचं यंत्र धरतं आणि मुख्य आऊटपुट सापडलं नाही की तिकडे वळतं. खूप जणांचा आवाज एवढ्यानेच गेलेला असतो, आऊटपुट बदललं की झालं, पैसे कुणाला द्यायची गरज नाही.

माझं तेवढ्यावर भागलं नाही. मदरबोर्डावरच्या आवाजाच्या चिपचा, म्हणजे रियलटेक कंपनीचा, आऊटपुट होता, पण करड्या रंगात, प्लग लावलेलाच नाही असं म्हणत होता, आणि प्लग तर माझ्या डोळ्यासमोर हिरव्या भोकात घट्ट बसलेला. त्या भोकाच्या आत एक बारीक पत्ती असते, प्लग आत गेला की ती ऑडिओच्या आयसीला, म्हणजे त्या चिपला, कळवते की बाबा काहीतरी लागलंय. पत्ती वाकली किंवा गंजली की पीसीला वाटतं भोक रिकामं आहे. समोरच्या भोकाला हा त्रास असेल तर रियलटेकच्या कन्सोलमध्ये फ्रंट पॅनलचं जॅक डिटेक्शन बंद करायची सोय बऱ्याच बोर्डांना असते, ती मी केली, मग करडा रंग गेला, ते कनेक्टेड दाखवायला लागलं पण आवाज काही आला नाही, समोरूनही नाही, मागूनही नाही. ड्रायव्हर काढून परत टाकला, सर्व्हिसेसमध्ये जाऊन विंडोज ऑडिओ रिस्टार्ट केली, बायोसमध्ये, म्हणजे विंडोज सुरू व्हायच्या आधीच्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, एचडी ऑडिओ चालूच होतं.

शेवटी पेनड्राइव्हवर उबुंटू, म्हणजे विंडोजसारखीच दुसरी फुकट सिस्टिम, टाकून पीसी त्याच्यावरून सुरू केला, इन्स्टॉल न करता नुसतं ट्राय करायचं. तिथंही स्पीकर मुके. ही युक्ती सगळ्यांनी लक्षात ठेवा, दुसऱ्या सिस्टिमवरही आवाज नसेल तर विंडोजच्या मागे लागण्यात अर्थ नाही, बहुतेक हार्डवेअरच गेलंय.

मग आमच्याकडच्या एका रिपेअरवाल्याकडे नेला. साडेतीनशे रुपये चेकिंग चार्ज आधीच घेतला. दुसऱ्या दिवशी फोन, "ताई, बोर्ड गेलाय, बदलावा लागेल, साडेसहा हजार होतील."

"अहो दादा, बोर्ड गेला तर पीसी चालू कसा होतोय?"

"ऑडिओचा आयसी बोर्डावरच सोल्डर केलेला असतो. तेवढाच बदलून नाही मिळत आमच्याकडे."

आता हे खोटं नाही, आयसी खरंच बोर्डावर असतो आणि तो काढून दुसरा बसवायला गरम हवेचं मशीन लागतं, सराईत हात लागतो. पण साडेसहा हजार फक्त बोर्डाचे. माझ्याकडची रॅम डीडीआर३, ती नव्या बोर्डात बसत नाही, प्रोसेसरही बसत नाही, म्हणजे तिन्ही घ्या आणि पंधरा हजाराच्या वर जा. एका आवाजासाठी! मी विचारलं यूएसबीचं साऊंड कार्ड लावलं तर, तर म्हणे ते टिकत नाही ताई. मला राग दर वाढवून सांगितला याचा नाही, स्वस्तातला मार्ग माहीत असून तोंडातून काढला नाही याचा आहे. चेकिंगची पावती मागितली, त्यावर काय बिघडलंय ते लिहून द्या म्हटलं, तर नुसतं "पीसी चेकिंग" लिहून दिलं. पीसी उचलून घरी आणला.

कार्ड आलं, मागच्या पोर्टात लावलं, ड्रायव्हरची सीडी नाही की डाउनलोड नाही, लगेच आवाज सुरू. याचं कारण यूएसबी ऑडिओचं ठरलेलं मानक आहे, १९९८ पासूनचं, विंडोजलाही कळतं आणि उबुंटूलाही. डिजिटलचा आवाज करायचं काम कार्डातल्या चिपमध्ये होतं, बोर्डावरचा मेलेला आयसी रस्त्यातच येत नाही. आवाजाची क्वालिटी बोलण्यासाठी एकदम चांगली, गाण्यांसाठी ठीक. समोरच्या पोर्टात लावलं तर माऊस हलवला की बारीक कुईं ऐकू यायचं, मागे लावल्यावर गेलं.

आता ते गिळणं. आवाज थांबला की हे कार्ड झोपतं आणि पुन्हा प्ले दाबलं की जागं व्हायला साधारण अर्धा सेकंद घेतं, तेवढ्यात जे बोललं गेलं ते गेलं. गाणी ऐकणाऱ्याला कळणारसुद्धा नाही. पण माझ्या कामात दर वाक्याला थांबवायचं, टाईप करायचं, परत प्ले. पीक विम्याच्या एका मुलाखतीत शेतकरी म्हणतोय "नाही मिळालं", मी प्ले दाबलं तर मला नुसतं "मिळालं" ऐकू आलं. पुढच्या वाक्याशी जुळेना म्हणून मागे जाऊन ऐकलं तेव्हा "नाही" सापडलं. माणूस पैसे न मिळाल्याचं पोटतिडकीने सांगतोय आणि कागदावर मिळाले म्हणून जाणार! हे मी किरकोळ म्हणून सोडूच शकत नाही. तेव्हा मी या कार्डाला दोन स्टार दिले होते आणि परत करायची मुदत उरली असती तर केलंच असतं.

नंतर मत बदललं. आधी पॉवर ऑप्शन्समध्ये जाऊन यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड, म्हणजे वापरात नसलेलं यूएसबी यंत्र झोपवायची सोय, बंद केलं, थोडा फरक पडला, पूर्ण नाही. मग ऑडॅसिटी या आवाज एडिट करायच्या सॉफ्टवेअरमध्ये जनरेट मेनूतून सायलेन्सची, म्हणजे पूर्ण शांत, एक फाईल बनवली आणि व्हीएलसीमध्ये लूपवर लावून खाली मिनिमाइझ करून ठेवली. कार्डाला वाटतं काहीतरी चालूच आहे, झोपतच नाही, आणि पहिलं अक्षर स्पष्ट ऐकू येतं. काही कार्डं कोऱ्या आवाजालाही गप्प होतात, त्यांच्यासाठी अगदी बारीक, ऐकू न येईल एवढा आवाज भरलेली फाईल लावायची. शिवाय ट्रान्सक्रिप्शनच्या सॉफ्टवेअरमध्ये थांबवलं की आपोआप थोडं मागे जायची सेटिंग असते, ती पण चालू करा, दुहेरी बंदोबस्त.

अजून एक त्रास आहे तो पोर्टचा. एकदा झाडताना कार्ड काढून शेजारच्या पोर्टात लावलं गेलं, तर विंडोजने त्याला नवीनच यंत्र समजून नावापुढे २ लावलं, जुनं व्हॉल्यूम गेलं, आवाज परत मॉनिटरकडे. अशा स्वस्त कार्डांना स्वतःचा सिरियल नंबर नसतो, त्यामुळे पोर्टावरूनच ओळख. पोर्ट ठरवा आणि त्यावर मार्करने खूण करा. मॉनिटरचं आऊटपुट साऊंडच्या सेटिंगमधून डिसेबलच करून टाका, म्हणजे आवाज परत तिकडे पळायचा प्रश्न नाही.

घ्यायचं तर छोटी वायर असलेलं घ्या, अखंड खोचायचं घेतलं की शेजारचं पोर्ट अडतं आणि प्लगचा सगळा भार पोर्टावर येतो. मोबाईलचा हेडफोन, तीन काळ्या रेघांचा एकच प्लगवाला, लावणार असाल तर दोन भोकांच्या कार्डावर त्याचा माईक चालणार नाही, त्याला एक भोकवालं बघा. ५.१ स्पीकर, म्हणजे पाच स्पीकर आणि एक सबवूफरचा सेट, असतील तर हे तुमच्या कामाचं नाही.

दोनाचे चार स्टार केलेत. एक कापलेलाच राहणार, कारण शांत फाईल लावायची युक्ती मला शोधावी लागली, पाकिटात एका ओळीची चिठ्ठी टाकायला विकणाऱ्याचं काही जात नव्हतं. त्या दुकानात मात्र मी परत जाणार नाही. आमच्या गल्लीत दोघांना तिथूनच बोर्ड बदला म्हणून सांगितलं होतं, त्यातल्या एकांचं तर फक्त आऊटपुट मॉनिटरवर गेलेलं, फोनवरच दुरुस्त करून दिलं.