भाऊचा धक्का ते मोरा लाँच, ११ वर्षांच्या रोजच्या प्रवासानंतर

मुंबईचा भाऊचा धक्का ते उरणचं मोरा बंदर या लाँचचं रेटिंग आधीच देऊन टाकते. लाँचला ५ पैकी ४, भाऊच्या धक्क्याला ३ आणि मोऱ्याच्या जेट्टीला, माझंच गाव असूनही, २. का ते सांगते, जरा लांबेल, कारण हा धक्का म्हणजे आमच्या घरातलंच माणूस आहे. बाबा माझगाव डॉकला कामाला होते, पहाटे डबा घेऊन मोऱ्याला जायचे आणि लाँच पकडायचे, उरणातली अर्धी आळी तशीच जायची, आणि आता ११ वर्षं झाली मी मशीद बंदरच्या एका ऑफिसला त्याच वाटेने जातेय.

पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी सांगते, हार्बर लाईनने डॉकयार्ड रोडला उतरायचं, तिथून चालत जाता येतं नाहीतर टॅक्सी. सकाळी गेलात तर आधी मासळीचा वास आणि मग धक्का अशी ओळख होईल, कारण शेजारीच मासळीचा लिलाव चालतो, ट्रॉलर लागलेले असतात, बर्फाच्या गाड्या, पाट्या घेऊन पळणारे लोक, पायाखाली पाणी. चप्पल ग्रिपवाली घाला, हे मी मनापासून सांगतेय.

आता धक्क्याबद्दल. हे नाव कुठल्या साहेबाचं नाही, आपल्या माणसाचं आहे याचा मला लहानपणापासून अभिमान आहे. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, लोक त्यांना भाऊ म्हणायचे, भाऊ रसूल असंही म्हणायचे, त्यांनी १८४१ साली कोकणात जाणाऱ्या-येणाऱ्या उतारूंसाठी धक्का बांधला. म्हणजे बघा, बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली १८५३ ला, त्याच्या १२ वर्षं आधीपासून आपली माणसं भाऊच्या धक्क्यावर उतरतायत. पुढे गोद्या झाल्या, भराव पडले, किनारा सरकला तसा धक्काही सरकला, आज आपण उभे राहतो ती मूळची जागा नाही, पण नाव काही कोणी बदलू शकलं नाही. इंग्रजीत फेरी व्हार्फ लिहितात, टॅक्सीवाल्याला मात्र भाऊचा धक्काच सांगावं लागतं.

कोकणातल्या जुन्या माणसांना विचारा, त्यांच्यासाठी मुंबई म्हणजे हा धक्का. आगबोट इथून सुटायची ती दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण करत पार पणजीपर्यंत. पुष्कळ बंदरात बोट किनाऱ्याला लागायची नाही, मग पडावातून, म्हणजे छोट्या होडीतून उतरायचं, पोरं, ट्रंका, वळकट्या सगळं हातोहात. माझी मावशी देवगडला दिलेली, ती सांगते की गणपतीला जाताना डेकवर जागा मिळावी म्हणून आदल्या रात्रीच येऊन बसायचे आणि बोट लागून मळमळू नये म्हणून तोंडात आवळासुपारी. कोकण रेल्वे १९९८ ला पूर्ण झाली पण त्या बोटी त्याच्या आधीच बंद पडल्या होत्या.

आणि रामदास बोट. ती पण इथूनच सुटली होती, १७ जुलै १९४७, गटारी अमावस्येचा दिवस, सकाळी ८ च्या सुमाराला, अलिबागकडच्या रेवसला जायला. काशाच्या खडकाजवळ उलटली. ६०० च्या वर माणसं गेली. रेवसचे कोळी मासळी घेऊन मुंबईला येत होते, त्यांनी होड्यातली मासळी समुद्रात टाकून माणसं वर घेतली. आमच्या आजीच्या माहेरचं कोणीतरी त्यात गेलं होतं, त्यामुळे आमच्याकडे गटारीला कोणी पाण्यावर जात नाही, अजूनही. मीसुद्धा त्या दिवशी सुट्टी टाकते.

लाँचला ४ का दिले? एक म्हणजे ती बारा महिने चालते. गेटवे ते अलिबागकडचं मांडवा ही लाँच पावसाळ्यात बंद असते, पण मोऱ्याची लाँच बंदराच्या आतल्या पाण्यातून जाते म्हणून भर पावसातही सुटते, फारच वादळ असेल तरच थांबवतात. पावसाळ्यात तिकीट वाढतं, ते मला पटतं, डिझेल जास्त लागतं आणि माणसं कमी असतात. पाऊण-एक तास लागतो. दुसरं म्हणजे खलाशी. लाँच धक्क्याला लागते तेव्हा खालीवर होत असते, पायरी आणि लाँच यांच्यामध्ये कधी वीतभर तर कधी हातभर फट पडते, तिथे खलाशी उभा राहतो, एक पाय पायरीवर एक पाय लाँचच्या कडेवर, आणि प्रत्येक बाईचं, म्हाताऱ्याचं मनगट धरतो. हात नाही, मनगट. मी एकदा विचारलं तर म्हणाला ताई हात ओला असला की निसटतो, मनगट निसटत नाही. मी गरोदर होते तेव्हा आठव्या महिन्यापर्यंत गेले लाँचने, एकदाही भीती वाटली नाही ती या मनगटाच्या पकडीमुळे.

आणि प्रवास. वरच्या डेकवर बसा. डाव्या हाताला जवाहर द्वीपाच्या तेलाच्या टाक्या, मग घारापुरीचे डोंगर, मागे न्हावाशेवाच्या क्रेन. थंडीत सीगल लाँचच्या मागे लागतात. खाली कोळणी पाट्या मांडून बसलेल्या, त्यांची जागा ठरलेली, तिथे बसू नका, कोणी काही बोलणार नाही पण बसू नका.

आता मोऱ्याचे २. गाळ. पूर्ण ओहोटीला जेट्टीपाशी पाणीच राहत नाही, लाँच लागणार कशी? बाबांनी मला लहानपणी हिशोब शिकवला होता, कोळी लोक करतात तो, तिथीची पाऊणपट करायची की पूर्ण भरतीची वेळ मिळते. अष्टमी असेल तर ८ ची पाऊणपट ६, म्हणजे ६ ला भरती आणि १२ ला ओहोटी. या हिशोबाने अमावस्या-पौर्णिमेला १५ ची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे संध्याकाळी सव्वापाच ते सहाच्या सुमाराला पूर्ण ओहोटी येते, आणि उधाणाची असल्यामुळे सगळ्यात खोल, म्हणजे नेमकी ऑफिसातून घरी यायची वेळ. मग लाँच २-३ तास बंद. मी पंधरा दिवसांतून एकदा तरी धक्क्यावर बसून काढते. मागच्या वर्षी एका पौर्णिमेला लाँच निघाली आणि जेट्टी समोर दिसत असताना गाळात बसली, दीड तास आम्ही तसेच, लहान मुलं रडतायत, घरचे जेट्टीवर उभे राहून हाका मारतायत, मध्ये पन्नास पावलांचा चिखल. पाणी चढलं तेव्हा सुटलो. लाँच चालवणाऱ्या तांडेलाची काहीच चूक नव्हती. गाळ काढायचं ज्यांचं काम आहे त्यांनी तो काढला की परत साचू द्यायचा नाही, एवढं सोपं मागणं आहे आणि उरणकर ते वर्षानुवर्षं करतायत.

धक्क्याचा एक मार्क कापला तो सावलीसाठी आणि एक बायकांच्या टॉयलेटसाठी. एप्रिल-मे मध्ये दुपारी तिथे तासभर थांबून बघा म्हणजे कळेल.

१२ जानेवारी २०२४ ला एकाच दिवशी अटल सेतूचं उद्घाटन झालं आणि उरणपर्यंत लोकलही सुरू झाली, तेव्हापासून लाँचची गर्दी कमी झालीय हे खरंय. लोकलने मीपण गेले काही दिवस, चांगली आहे, पण नेरुळ-बेलापूरचा वळसा घालून गाडी बदलून मशीदला पोचेपर्यंत माझा जीव जातो, आणि सेतूवर बाईक नेता येत नाही, मग ज्याच्याकडे गाडी नाही त्याने काय करायचं? कोळणीने पाटी घेऊन कुठून जायचं? सरळ रेघेत मुंबई समोर दिसते, तिथे सरळ जाणारं एकच साधन आहे आणि ते लाँच आहे. गर्दी कमी झाली म्हणून फेऱ्या कमी, फेऱ्या कमी म्हणून अजून गर्दी कमी, असं होऊ देऊ नका अशी माझी कळकळीची विनंती आहे.

गाड्या नेणाऱ्या रो-रो बोटीबद्दलही विचारतात म्हणून दोन ओळी. ती इथूनच सुटते, मार्च २०२० पासून, मांडव्याला तासाभरात पोचते आणि गाडी, बाईक सगळं पोटात घेते, रस्त्याने शंभरच्या वर किलोमीटर पडतात. आम्ही दोनदा गेलो, एसी, स्वच्छता, वेळ, तिन्ही उत्तम. बुकिंग आधी करा.

मोऱ्याला जाणार असाल तर निघायच्या आधी तिथी बघा, पाऊणपट करा, आणि तुमची वेळ ओहोटीच्या जवळ येत असेल तर तिकीट खिडकीवर शेवटची लाँच लागतेय का ते विचारूनच आत जा. तिकीट देणारे खरं सांगतात, मला कधी उगाच बसवून ठेवलं नाही.