चरईतली पावाची बेकरी: पाचपैकी चार तारे

संध्याकाळी पाचच्या सुमारास जा, लादी भट्टीतून निघते तेव्हा. वरून तपकिरी, तकतकीत. पाव सुटा केला की आतून वाफ. ब्रून, म्हणजे कडक पाव, मात्र सकाळीच घ्यावा, दुपारनंतर चिवट होतो. आमच्या रशियनच्या क्लासची मंडळी सुटल्यावर इथेच टपकतात, मग पावावरून पाल्हाळ: आपला पाव पोर्तुगिजांचा, मूळ लॅटिन ‘पानिस’; स्पॅनिशमध्ये ‘पान’, इटालियनमध्ये ‘पाने’. रशियन ‘ख्लेब’चं घराणंच वेगळं, जर्मानिक भाषांतून उसना आलेला, म्हणजे इंग्रजी ‘लोफ’चा भाऊबंद. आणि पोलिशमध्ये ‘पान’ म्हणजे चक्क साहेब! गल्ल्यावरच्या काकांना यात काडीचा रस नाही. "सुट्टे द्या, मागे लाइन आहे." यूपीआय घेत नाहीत, म्हणून एक तारा कापला.