बार्नमधल्या नाचासाठी भाड्याची लाकडी फरशी: पाचपैकी चार तारे

जुन्या बार्नमध्ये, म्हणजे शेतावरच्या धान्य-गुरांच्या मोठ्या लाकडी कोठारात, दरवर्षी सगळ्यांसाठी नाच ठेवायचा असेल तर पैसे आधी कशावर खर्च करावेत, असं मला कुणी विचारलं तर मी पायाखालच्या फरशीवर म्हणेन. दिव्यांच्या माळा, कमानीवरची पानंफुलं, फोटोसाठी रचलेले गवताचे गठ्ठे हे सगळं नंतर. आम्ही भाड्याने घेतो त्या जोडफळ्यांच्या लाकडी फरशीबद्दल म्हणूनच सविस्तर लिहिते आहे. अशा फरश्या बऱ्याच ठिकाणी मिळतात आणि सगळ्यांची रचना थोड्याफार फरकाने सारखीच असते.

आधी गरज का पडते ते सांगते. जुन्या लाकडी बार्नच्या मधल्या भागात समोरासमोर दोन मोठी दारं असतात. तिथे मळणी व्हायची आणि दारांतून आरपार जाणाऱ्या वाऱ्यावर धान्य उफणलं जायचं. मळणीची ती मोकळी जागा पुष्कळ ठिकाणी लाकडी फळ्यांची असे. पुढे गुरं आली, ट्रॅक्टर आले आणि कित्येक बार्नमध्ये खाली काँक्रीट ओतलं गेलं. आमचा बार्न त्यातलाच. वर तुळया अप्रतिम, खाली काँक्रीट.

काँक्रीट जराही दबत नाही, त्यामुळे प्रत्येक पावलाचा धक्का पोटऱ्या, गुडघे आणि कंबर यांनाच सोसावा लागतो. आमच्याकडे फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) वाजतं ते मिनिटाला ११० ते १२० ठोक्यांच्या लयीत आणि प्रत्येक ठोक्याला एक पाऊल पडतं. म्हणजे दहा मिनिटांच्या एका नाचात हजाराहून जास्त पावलं. संध्याकाळभरात असे आठ-दहा नाच होतात. पूर्वी मध्यंतरानंतर निम्मी माणसं भिंतीकडेच्या बाकांवर बसून राहायची आणि आम्हाला वाटायचं की त्यांना कंटाळा आला. फरशी आली त्या वर्षी तीच माणसं शेवटच्या वॉल्ट्झपर्यंत, म्हणजे जोडीने फिरत करायच्या शेवटच्या नाचापर्यंत, उभी होती. सत्तरी ओलांडलेल्या एक मावशी एरवी दोन नाच करून थांबायच्या. त्या सहा नाच नाचल्या आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून सांगितलं की गुडघे नेहमीसारखेच आहेत. मला त्याहून मोठी पावती नको.

आता फरशीकडे वळते. तीन फूट बाय तीन फुटांचे चौकोन, वर लाकडी पृष्ठभाग, कडेला एकमेकांत बसणाऱ्या खाचा आणि ॲलन कीने (षटकोनी किल्लीने) फिरवून घट्ट करायचे लॉक. पहिली ओळ सुतासारखी सरळ लावली की पुढचं काम भराभर होतं. पहिली ओळ तिरकी गेली तर शेवटच्या कोपऱ्यात चौकोन बसतच नाही. उचलायला एक माणूस पुरतो, पण दोघांनी धरलं तर कोपरे आपटत नाहीत. चारही बाजूंना उताराच्या पट्ट्या लावाव्याच लागतात. पट्टी नसलेली कड म्हणजे मागे सरकत येणाऱ्या नाचणाऱ्याला हमखास ठेच.

अडचण येते ती खालच्या जमिनीची. गुरांच्या बार्नमधलं काँक्रीट बहुतेकदा मुद्दाम उतरतं ओतलेलं असतं, धुतलेलं पाणी गटारीकडे जावं म्हणून. एकसारख्या उताराचं फारसं बिघडत नाही. पण जिथे उतार बदलतो किंवा गटारीची खाच येते तिथे चौकोन डुगडुगतात आणि लॉकवर ताण येतो. ऑर्डर देण्याआधी लांब सरळ फळी जमिनीवर आडवी धरून खालून किती फट दिसते ते पाहा. आम्ही खाली आधी प्लास्टिकचा कागद अंथरतो, कारण काँक्रीटमधून ओल वर येते आणि लाकूड फुगतं. कागदावर जाड नमद्याचा थर देतो. नमदा नसेल तर पावलांचा एवढा खडखडाट होतो की पुढची चाल सांगणाऱ्या कॉलरचे शब्द मागच्या रांगेत पोहोचत नाहीत आणि नवख्या माणसांचा गोंधळ उडतो. नमद्यामुळे पायाखाली थोडं लवचिकही लागतं. नृत्यशाळेतल्या स्प्रिंगच्या फरशीची सर त्याला नाही, पण काँक्रीटच्या मानाने पायांना मोठाच आराम.

माप ठरवताना भाड्याने देणाऱ्यांच्या हिशोबावर जाऊ नका. ते माणशी साधारण साडेचार चौरस फूट धरतात. जागच्या जागी डोलणाऱ्या गर्दीला तेवढं पुरतं. स्क्वेअर डान्समध्ये चौकोनात उभ्या राहणाऱ्या चार जोड्यांचा एक सेट असतो आणि हात पूर्ण पसरून फिरायचं तर त्याला बारा फूट बाय बारा फूट, म्हणजे १४४ चौरस फूट लागतात. त्यांच्या हिशोबाने तिथे ३२ माणसं मावतात, प्रत्यक्षात नाचतात आठ. आम्ही २४ फूट बाय २४ फूट घेतो, म्हणजे ६४ चौकोन. त्यावर चार सेट मोकळेपणाने नाचतात. लांब रांगांचा काँट्रा डान्स असेल तेव्हा हेच चौकोन वेगळे मांडून लांबट फरशी करता येते, आणि ही सोय मला फार आवडते.

पृष्ठभाग घसरण्याच्या दृष्टीने उत्तम आहे. चामड्याच्या तळव्याचे बूट सुरेख फिरतात. रबरी तळवे मात्र लाकडाला धरून ठेवतात. शरीर वळतं, पाय वळत नाही आणि गुडघा पिळवटतो. जोडीने गरगर फिरण्याच्या चालीत हे विशेष जाणवतं. आम्ही निमंत्रणातच बुटांबद्दल लिहितो. कुणी फरशीवर पावडर टाकायला निघालं तर थांबवा. तिचा थर कुठे जाड, कुठे पातळ बसतो, पुढचं पाऊल किती सरकेल याचा नेम राहत नाही, आणि धूळ श्वासात जाते ती वेगळीच.

एक तारा कापला तो कशासाठी तेही सांगते. एका वर्षी ज्यांच्याकडून फरशी आली त्यांनी लॉक साफ न करताच पाठवली होती. खाचांमध्ये आधीच्या समारंभाची वाळू, आणि उताराच्या पट्ट्या एका बाजूला अपुऱ्या. आमची दुपार ब्रशने खाचा झाडण्यात गेली आणि ती बाजू दोरी बांधून बंद करावी लागली. तेव्हापासून माल उतरवतानाच पट्ट्या मोजतो आणि पाच-सहा लॉक फिरवून पाहतो.

फरशी येण्याआधीची साफसफाई हा वेगळा विषय आहे, पण जिवाशी संबंध असल्याने टाळत नाही. बंद राहिलेल्या बार्नमध्ये उंदरांच्या लेंड्या आणि पक्ष्यांची, वटवाघळांची घाण असते. ती कोरडी झाडली की धूळ उडते, आणि त्या धुळीतून फुप्फुसांचे गंभीर आजार होऊ शकतात. दारं उघडून हवा खेळू द्यावी, जंतुनाशक पाणी शिंपडून मुरू द्यावं आणि मग हातमोजे, मास्क घालून ओलं पुसून काढावं. थोडी घाण असेल तर हे आपण करू शकतो, थर साचलेले असतील तर जाणकारांना बोलवा.

आणि ही फरशी माळ्यावर नेऊन टाकायचा विचार कुणी करू नये. गवत साठवायचा माळा स्थिर वजनासाठी बांधलेला असतो. तीस माणसं एका तालात नाचतात तेव्हा सेकंदाला दोन दणके बसतात आणि तुळयांना ताल सापडला तर माळा झुलू लागतो. इंजिनियरने तपासून लेखी दिल्याशिवाय वर नाच नाहीच.

तुमच्या बार्नमध्ये मूळची लाकडी जमीन धड असेल तर भाड्याच्या फरशीची गरज नाही. सैल फळ्या ठोकून घ्या, वर आलेले खिळे बसवा आणि तिच्यावरच नाचा. खाली काँक्रीट असेल तर मात्र ही फरशी घ्याच. आम्ही पुढच्या वर्षासाठी नोंदवली आहे: तेच ६४ चौकोन, आणि शिवाय कॉलरच्या पायाखाली चार जास्त, कारण तीन तास काँक्रीटवर उभी असते ती तीच.