मराठीत लिहून पैसे मिळवायची ऑनलाइन ठिकाणं: वर्षभर वापरल्यावरचा अनुभव

मी कोल्हापुरात, राजारामपुरीत डीटीपीचं, म्हणजे छपाईची पानं कॉम्प्युटरवर जुळवायचं काम करते. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, अधूनमधून कुणाचा तरी कवितासंग्रह. लिहायची हौस कॉलेजपासूनची. गेल्या दिवाळीनंतर ठरवलं की या हौसेतून घरखर्चाला काही हातभार लागतो का ते बघायचंच. बऱ्याच साइट्सवर खाती उघडली, काही चालू ठेवली, काही आठवड्यात बंद केली. एवढ्या दिवसांत एक गोष्ट पक्की कळली: वाचक मिळतात त्या जागी पैसे मिळतीलच असं नाही, आणि पैसे मिळतात त्या जागी आपलं नाव कुणी वाचत नाही. दोन्ही एकाच ठिकाणी शोधत बसलं की नुसती चिडचिड होते.

वाचकांसाठी प्रतिलिपी हे कथा लिहायचं-वाचायचं अॅप चांगलं. २०१४ पासून आहे, मराठी वाचक भरपूर आहेत आणि प्रतिक्रिया लगेच येतात. पण हा मालिकांचा वाचक आहे. भाग रोज हवा आणि शेवटी काहीतरी लटकतं ठेवायला हवं. एकच नेटकी लघुकथा टाकून गप्प बसणाऱ्याचं तिथं फारसं चालत नाही. मला कथा लिहायला महिना लागतो, त्यामुळे माझी तिथली कमाई चहापाण्यापुरतीच राहिली. तक्रार नाही. संवाद कसे वाचले जातात ते तिथंच शिकले.

ई-पुस्तकासाठी अॅमेझॉनचं केडीपी, म्हणजे आपलं पुस्तक आपणच प्रकाशित करायची सोय. मराठी चालतं, सुरुवातीला एक पैसा लागत नाही. गोम अशी की भारतातल्या विक्रीवर ७० टक्के रॉयल्टी हवी असेल तर पुस्तक ‘केडीपी सिलेक्ट’मध्ये घालावं लागतं, नाहीतर ३५ टक्के. आणि सिलेक्ट म्हणजे ९० दिवस तोच डिजिटल मजकूर दुसरीकडे कुठंही ठेवायचा नाही. म्हणजे प्रतिलिपीवरची मालिका तशीच ठेवून तिचं पुस्तक इथं सिलेक्टमध्ये टाकलं की नियम मोडला. ओळखीतले निम्मे लेखक हे वाचतच नाहीत. पैसे महिना संपल्यावर साधारण ६० दिवसांनी खात्यात येतात, त्यामुळे पहिल्या महिन्यात घाबरून जाऊ नका. छापील पुस्तक काढायचं असेल तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख क्रमांक, आपल्याकडे सरकार फुकट देतं, अर्ज ऑनलाइन होतो. त्याचे हजार-दोन हजार मागणारा ‘पॅकेज’वाला दिसला तर आणखी कशाकशाचे पैसे लावलेत ते नीट बघा.

आता खरी कमाई. ती अनुवादातून झाली. फायव्हर आणि अपवर्क या सुटी कामं मिळवून देणाऱ्या साइट्स. फायव्हरवर प्रत्येक कामामागे २० टक्के कापले जातात. अपवर्कवर अर्ज करायलाच ‘कनेक्ट्स’ नावाची टोकनं खर्च होतात, आणि ती संपली की विकत घ्यायची. इंग्रजी लेखनात तिथं जगाशी स्पर्धा आहे, मराठीची कामं तुरळक. त्यापेक्षा प्रोझ डॉट कॉम ही अनुवादकांची साइट बरी. तिच्यावरचा ‘ब्लू बोर्ड’ हा भाग मला सगळ्यात उपयोगी वाटला. कुठल्या एजन्सीबरोबर पुन्हा काम करायला आवडेल, कुठल्या नाही, हे तिथं अनुवादकच लिहून ठेवतात. नवीन एजन्सीचा मेल आला की मी आधी तिथं डोकावते आणि मगच उत्तर देते. ‘फक्त एक छोटी टेस्ट’ म्हणून हजारभर शब्द फुकट करून मागणारे हमखास भेटतात. दोनशे-तीनशे शब्दांपुढची टेस्ट मी करत नाही. अलीकडे मशीनने केलेला अनुवाद पाठवून ‘नुसतं तपासा’ म्हणायचीही पद्धत पडली आहे. दर निम्मा आणि डोक्याला ताप दुप्पट, कारण वाकडं वाक्य सरळ करण्यापेक्षा नवं लिहिणं लवकर होतं.

अनुवादाच्या कामात शब्दावर पैसे घ्यायला शिकले होते. तीच पद्धत मी गावात आणली, तेव्हा गंमत झाली. मार्केट यार्डातल्या एका गूळ व्यापाऱ्यांना माहितीपत्रक आणि वेबसाइटचा मजकूर हवा होता.

“मॅडम, पानाचं काय घेता?”

“पानावर नाही ओ, शब्दावर घेते. दीड रुपया.”

“शब्द कोण मोजत बसणार?”

“कॉम्प्युटर मोजतोय. बघा, खाली आकडा आलाय.”

त्यांनी चष्मा वर करून आकडा बघितला आणि पहिलं काय केलं, तर मजकुरातून ‘सुप्रसिद्ध’, ‘नामांकित’ आणि ‘एकमेव’ हे शब्द काढायला लावले. माझ्या आतापर्यंतच्या संपादकांत सर्वांत कडक तेच. शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत, हुपरीच्या चांदीवाल्यांकडे, चपलांच्या दुकानांत असं काम पडून आहे. फक्त आपण होऊन विचारायला जावं लागतं.

फुकट साधनांपैकी ही रोज उघडी असतात: मराठी विश्वकोश, भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आणि शिकागो विद्यापीठाने ऑनलाइन ठेवलेला मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. १८५७ च्या आवृत्तीचा हा कोश शोधपेटीत शब्द टाकला की उघडतो, आणि मग अर्धा तास कुठं जातो कळत नाही. राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या साइटवरची पुस्तकं उतरवून घेता येतात. टायपिंगला गुगलचा जीबोर्ड कीबोर्ड. पहिला खर्डा मी गुगल डॉक्समध्ये बोलून करते, विरामचिन्हं नंतर घालते. आणि हात जोडून विनंती, मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर नीट दिसेल अशा पद्धतीत टाइप करून पाठवा. जुन्या फाँटमधली फाइल समोरच्याकडे तो फाँट नसला की इंग्रजी अक्षरांचा चिवडा होऊन उघडते. दिवाळी अंकांचे संपादक जुलै-ऑगस्टमध्ये आधीच कामात गळ्यापर्यंत बुडालेले असतात, ते असली फाइल दुरुस्त करत बसत नाहीत.

करारांबद्दल मात्र जरा सविस्तर सांगते. एका ऑडिओ कंपनीने माझ्या कथेसाठी करार पाठवला. रक्कम ठीक होती, पण चौथ्या कलमात ‘सध्याच्या व यापुढे येणाऱ्या सर्व माध्यमांत, संपूर्ण जगात, कायमस्वरूपी’ असं होतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सोय अशी आहे की हक्क देताना मुदत लिहिलेलीच नसेल तर ती ५ वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. पण ‘कायमस्वरूपी’ असं छापलेलं असेल आणि खाली आपली सही असेल, तर या सोयीचा उपयोग उरत नाही. मी साधा मेल केला: फक्त ऑडिओ, फक्त मराठी, ५ वर्षं. चार दिवसांनी दुरुस्त करार आला, रक्कम तीच. विचारलं नसतं तर उद्या त्या कथेवर एकांकिका करायलाही परवानगी मागावी लागली असती.

शिष्यवृत्त्यांचं थोडक्यात. पहिलं पुस्तक असेल तर साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना बघा. तिशीच्या आतल्या लेखकांसाठी केंद्र सरकारची पीएम युवा योजना आहे, महिना ५० हजार, सहा महिने आणि सोबत मार्गदर्शक. माझं वय त्यातून निघून गेलं, शेजारच्या पोरीला अर्ज भरायला बसवलंय. मराठीतलं वैचारिक पुस्तक इंग्रजीत नेण्याची ताकद असेल तर न्यू इंडिया फाउंडेशनची ६ लाखांची अनुवाद फेलोशिप आहे. तिच्या अर्जाला नमुना अनुवाद लागतो, आणि जुनी पुस्तकं धुंडाळायला आपलं १८५० सालचं करवीर नगर वाचन मंदिर हे ग्रंथालय आहेच.

मानधनातून टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला कर, गेला तर रिटर्न भरून परत मागा. दहा टक्के सोडून देण्याएवढे आपण श्रीमंत नाही. आणि व्हॉट्सअॅपवर ‘घरबसल्या लिहा, दिवसाला दोन हजार कमवा’ असं आलं आणि पुढे नोंदणी फी मागितली, की नंबर ब्लॉक करायचा.