फाउंड्रीच्या टेबलावरचा ऑक्सफर्ड कोश

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, मी क्वालिटी बघते. व्हर्नियर आणि डायल गेज या मोजमापाच्या साधनांशेजारी माझ्या टेबलावर ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी असते, २०२० साली निघालेली दहावी आवृत्ती. राजारामपुरीतल्या दुकानातून घेतली. नोकरीत इंग्रजी ड्रॉइंग आणि मेल वाचावे लागणाऱ्या प्रत्येकाकडे हा कोश असावा, असं माझं ठाम मत आहे.

कारण सांगायला एक शब्द पुरे: रन. आमच्याकडे तो दिवसभर कानावर पडतो. नवीन पार्टचा ट्रायल रन असतो. गिऱ्हाइकाचा ऑडिटर ‘रन ॲट रेट’ मागतो, म्हणजे नेहमीच्या मशीनवर, नेहमीच्या माणसांकडून, ठरलेल्या वेगानं माल काढून दाखवा. साच्यात वितळलेल्या धातूचा रस ज्या वाटेनं पुढं जातो ती वाट म्हणजे रनर. रस मध्येच थंड पडून पोकळी पुरती भरली नाही, तर कास्टिंग, म्हणजे ओतलेला पार्ट, ‘मिसरन’ म्हणून बाद. साच्याच्या फटीतून रस बाहेर आला की रनआउट. आणि चांगलं निघालेलं कास्टिंग मशीन शॉपला गेलं की तिथला रनआउट वेगळाच: पार्ट फिरवताना डायल गेजचा काटा किती हलतो, ते माप. एकाच आवारात, एकाच पार्टबद्दल दोन रनआउट! डिप्लोमा करून आलेली पोरं इथं गोंधळतात. त्यांचा दोष नाही. शाळेत त्यांच्याकडून ‘रन म्हणजे धावणे’ एवढंच पाठ करून घेतलेलं असतं.

खिशात मावणारा इंग्रजी-मराठी कोश उघडला तर धावणे, पळणे, वाहणे, चालवणे अशी रांग मिळते. कुठला अर्थ कुठं घ्यायचा, ते कळत नाही. ऑक्सफर्डच्या या कोशात मोठ्या शब्दांच्या नोंदीत अर्थाच्या गटाआधी छोटी पाटी असते: पायी पळणं, शर्यत, कारभार, वाहन किंवा यंत्र, बस-रेल्वे, द्रव, रंग. वाक्यात मशीन असेल तर मशीनच्या पाटीपाशी थांबायचं. व्याख्या साधारण ३००० सोप्या शब्दांच्या आत बसवलेल्या आहेत, त्यामुळं एक शब्द समजायला दुसरा शोधत बसावं लागत नाही. खाली उदाहरणाची वाक्यं असतात. क्रियापदाला कर्म लागतं का, त्याच्यामागून कुठलं अव्यय येतं, तेही दिलेलं असतं. माझ्या लेखी कोशाची सगळी किंमत त्या वाक्यांची आहे.

ती वाक्यं मनात मराठीत करून बघा. मशीन चालतं, दुकान चालवतात, नाटक चालतं. नाक मात्र वाहतं आणि साडीचा रंग जातो. इंग्रजीत या सगळ्याला रन चालतो, आणि धावणं यात कुठंच नाही. निवडणुकीचं तर उलटंच. आपला उमेदवार उभा राहतो, इंग्लंडमधलाही उभाच राहतो, अमेरिकेतला मात्र ‘रन’ करतो. कोशात हा अमेरिकी-ब्रिटिश फरक तिथल्या तिथं नोंदवलेला आहे. परदेशी गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहार करणाऱ्याला अशा खुणा फार उपयोगी पडतात.

हा कोश आपल्यासारख्यांना जवळचा वाटतो त्यालाही कारण आहे. त्याचे मूळ कर्ते ए. एस. हॉर्नबी १९२४ साली जपानला इंग्रजी शिकवायला गेले. परक्या माणसाला इंग्रजीत नेमकं काय अडतं, ते त्यांनी वर्गात पाहिलं. त्यांचा आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा कोश १९४२ साली टोकियोत निघाला आणि ऑक्सफर्डनं १९४८ मध्ये तो स्वतः छापला. म्हणजे त्याची सुरुवातच इंग्रजी ज्यांची मातृभाषा नाही त्यांच्यासाठी झाली.

ऑक्सफर्डचा तो मोठा, शब्दांचा इतिहास सांगणारा कोश, ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी, वेगळा. त्यात रन या एका क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले आहेत, आणि ती नोंद नव्यानं लिहायला संपादक पीटर गिलिव्हर यांना नऊ महिने लागले. यंत्रं आणि रेल्वे आली तसे या शब्दाचे अर्थ वाढत गेले. उद्यमनगरच्या लेथवर वाढलेल्या कोल्हापुरात हे कुणाला वेगळं समजवायला नको.

आता उणं. कारखान्यातले अर्थ यात शोधू नका. रनर काढला तर पळणारा, चोरटा माल नेणारा, ड्रॉवर ज्यावर सरकतो ती पट्टी, जमिनीवर पसरणारा कोंब, असं मिळतं. ओतकामातला रनर नाही, मिसरन नाही. रनआउट म्हणाल तर क्रिकेटचा. सर्वसामान्य विद्यार्थ्यासाठीच्या कोशाकडून ती अपेक्षाही धरू नये, पण घेण्याआधी माहीत असावं. आमच्या भट्टीवरच्या मामांनी एकदा विचारलं, “मॅडम, ह्यात आपला रनर हाय का?” नाही म्हटल्यावर म्हणाले, “मग लिवा की तिथं पेन्सिलनं.” लिहिला. आता समासात आमच्या शॉपचे बरेच अर्थ जमलेत. नवीन ट्रेनी आला की आधी ती पानं वाचतो.

ग्रंथ जाडजूड, कागद पातळ, अक्षर बारीक. चाळिशी लागलेल्यांनी चष्मा जवळ ठेवावा. इथल्या जुलै-ऑगस्टच्या ओलीत अशी पानं फुगतात, म्हणून तो कपाटात ठेवावा. साचे फोडतात तिथली धूळही लागू देऊ नये. संकेतस्थळावर हा कोश फुकट पाहता येतो आणि ब्रिटिश-अमेरिकी दोन्ही उच्चार ऐकू येतात. उच्चारासाठी मी तेच वापरते. पण एका शब्दाचे सगळे अर्थ नजरेखालून घालायला मला छापील पानच लागतं.

बजेट कमी असेल तर जुन्या पुस्तकांच्या दुकानात आधीची एखादी आवृत्ती बघा. तिथंच रनचं पान उघडा. अर्थांवर पाट्या असतील आणि पानं शाबूत असतील तर बिनधास्त घ्या.